मधल्या घंटेचा सूर

ता. ३ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

गुडघा कसा आहे? इकडे आमच्या चर्चच्या मनोऱ्यावर संकट आलंय. आपल्या आजोबांनी दिलेल्या तीन घंटांपैकी मधली वितळवायची म्हणतात! मनोऱ्याच्या डागडुजीसाठी एक तज्ज्ञ आला होता. त्याने खिशातून नादकाटा काढला, टण्ण वाजवला आणि सांगितलं की मोठी नि धाकटी खणखणीत आहेत, मधली मात्र सुरावरून घसरलेली. गाळून नवी ओता. बारा तारखेला, रविवारी, समितीची सभा आहे.

फादरांनी मला सभेत घंटांचा आणि दात्याचा इतिहास वाचायला सांगितलाय. मी लिहिलंय की साबणाचे कारखानदार असलेल्या आजोबांचं मन फेसासारखं हलकं होतं. पूर्णत्व फक्त ईश्वराचं, म्हणून एक घंटा त्यांनी मुद्दाम उणी मागून घेतली. लिहिताना माझेच डोळे भरून आले. त्या घंटेच्या ठेक्यावर मी शाळेतल्या सगळ्या कविता पाठ केल्या, ताई. ती भट्टीत गेली तर माझी चौथी इयत्ताच भट्टीत गेली म्हणायची. तुला काही आठवत असेल तर लगेच कळव.

तुझ्या रागावण्याची वाट पाहणारा,
धाकटा

ता. ६ मार्च

चि. कविराजास,
अ. उ. आ.

गुडघा जिन्याला घाबरतो. जिभेला काही झालेलं नाही. आजोबांचं मन म्हणे फेसासारखं! अरे, शर्टाला एक बटण कमी निघालं तर ते शिंप्याच्या दारात ठाण मांडून बसत. ते उणी घंटा मागून घेतील?

खरं ऐक. मी सहा वर्षांची होते. आजीचं बोट धरून घंटा ओतणाऱ्याच्या कारखान्यात गेले होते. तू आईच्या खांद्यावर दूध ओकत होतास. आजी चर्चच्या गायकवृंदात पहिल्या रांगेत गायची, सगळ्यांत मोठ्याने आणि सगळ्यांत खाली. पण तिला सांगायची छाती कुणाची? चर्चचं छप्पर आजोबांनीच घालून दिलेलं. ओताऱ्याने मधल्या घंटेचा सूर कोणता ठेवू म्हणून विचारलं. आजोबा म्हणाले, आमच्याकडे सुरातलं हिला कळतं. झालं! आजीने घसा खाकरला आणि सूर लावला. ओताऱ्याने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा आजोबांच्या मिशांकडे, आणि निमूट कानस उचलली. घंटा आतून खरवडली की सूर उतरतो म्हणे. आजी समाधानाने मान डोलवेपर्यंत बिचारा खरवडत राहिला. तेव्हा तुझी ती ईश्वरी उणीव म्हणजे आपली आजी आहे.

हे सभेत वाचू नकोस, घराण्याची शोभा होईल. तोच सूर माझ्याही गळ्यात उतरलाय. शाळेत गाण्याच्या बाईंनी मला नुसते ओठ हलवायला सांगितलं होतं. इथल्या चर्चमध्ये मी अजून ओठच हलवते. आणि घरी मी गायला लागले की तू कानात बोटं घालून कविता घोकायचास, तेही विसरलेले नाही.

स्वेटर घालत जा.
ताई

ता. १३ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझी आज्ञा मोडली. आधी फेसच वाचला, अगदी गळा भरून. तज्ज्ञाने जांभई दिली. मग म्हटलं, घंटाच राहणार नसेल तर घराण्याची शोभा घेऊन काय करायचंय? सगळं सांगून टाकलं, कानससुद्धा. कुणी हसेना.

तज्ज्ञ मात्र खूश. म्हणाला, ऐका आता शुद्ध सूर. नादकाटा वाजवून त्याने गायकवृंदाला एक ओळ गायला लावली. सगळ्यांनी एकमुखाने सूर लावला, तो हुबेहूब आजीचा! त्याने पुन्हा वाजवला. ते पुन्हा खालीच, आणि अशा समजुतीने की जणू चुकलेल्या मुलाला सांभाळून घेताहेत. तेवढ्यात ऑर्गनवाल्याने उठून कबूल केलं की त्याच्या वडिलांनी ऑर्गनही त्या घंटेच्या सुरावरच जुळवून घेतला होता. बहात्तर वर्षं ताई, अख्खं गाव आजीच्या मागून गातंय!

बेकरीवाल्या काकू म्हणाल्या की काटाच वितळवा. फादरांनी घंटा गाळायच्या बाजूचे हात वर करायला सांगितले, तर तज्ज्ञाचासुद्धा हात वर गेला नाही. जिना उतरताना तो काहीतरी गुणगुणत होता. कोणत्या सुरात, ते तूच ओळख.

आजीच्या जिवावर तरलेला,
धाकटा

ता. १६ मार्च

चि. कविराजास,
अ. उ. आ.

पत्र तीनदा वाचलं. आज्ञा मोडलीस ते बरं केलंस. पुन्हा मोडू नकोस.

येत्या रविवारी सकाळच्या गाडीने येतेय. गुडघ्याला विचारलेलं नाही. पहिल्या रांगेत दोन जागा धरून ठेव. ओठ खूप हलवून झाले, आता मी गाणार आहे. तू माझ्या शेजारीच बस, आणि कानात बोटं घालायची ती सवय अजून गेली नसेल, तर दोन्ही हात माझ्या हातात दे.

तुझीच,
ताई