अलीममधला अ

दगडावरच्या एका अक्षरापायी मला काय मोजावे लागले? पाथरवटाची मजुरी, मास्तरांना एक चहा आणि सख्खी बहीण.

मी, पंप दुरुस्त करणारा, गल्ली मला ‘कानवाले’ म्हणते, पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाखाली नसताना हे लिहून ठेवतो. चालत्या पंपाला हात न लावता, कुठले बेअरिंग गेले ते मी रस्त्यापलीकडून सांगतो. माझ्या कानाची चूक आजवर कोणी काढलेली नाही.

१. घर पत्नीचे, तिच्या पश्चात सुनेचे. सुनेने पुन्हा लग्न केले तरी हक्क जाणार नाही. कोणी तोंड वाकडे करू नये.

२. दुकान व हत्यारे माझ्या कारागिराला. मोठा पाना समोरच्या दुकानदाराने ‘आत्ता आणून देतो’ म्हणून नेला, तो त्याच्याकडेच असू द्यावा. आता मागणार कोण?

३. मुलाचे नाव अलीम. मूळ अरबी. इल्म म्हणजे ज्ञान. त्यावरून अलीम, सर्व जाणणारा. आपली तालीम, आपले मालूम, त्याच घरातले शब्द. नाव बहिणीने सुचवले, मी ठेवले. गेल्या वर्षी तो गेला. थडग्यासाठी नाव अरबीत कोरताना पाथरवटाने विचारले, “शेठ, कुठला अ?”

“अ म्हणजे अ! त्यात कुठला काय?”

बहीण म्हणाली, “दादा, अरबीच्या मास्तरांना विचार तरी.”

“कानावर पोट भरलंय माझं. तू शिकवू नकोस.”

अरबीत अ दोन. पाथरवटाने सोपा अ घातला. हवा होता तो घशातून निघणारा. दगड बसल्यावर बहीण दुकानात आली. “दादा, पोराच्या डोक्याशी ‘वेदना देणारा’ लिहून ठेवलंस रे.” मी तिला बाहेर काढले. मग मास्तरांना विचारले. तिचेच खरे निघाले. ती पुन्हा आली नाही, मी बोलावले नाही.

४. पत्नीला ती लिपी येत नाही. तिथे गेली की त्याच अक्षरावरून बोटे फिरवते. मी बाजूला उभा असतो. मला काही होत नाही. पाणी आटल्यावर पंप नुसता फिरतो, तसे.

५. दगड बदलायचा की नाही, पत्नीला सांगायचे की नाही, हे बहिणीने ठरवावे. खर्च माझ्या बचतीतून. माझ्या दगडाच्या वेळीही पाथरवटाशी तिनेच बोलावे.

ठिकाण: दुकानामागची खोली. तारीख: नऊ नोव्हेंबर.
सही: कानवाले
साक्षीदार: पाथरवट, अरबी शिकवणारे मास्तर

मास्तरांचा शेरा: सहीआधी दोन्ही अ मी त्यांच्या कानाशी पुन्हा पुन्हा उच्चारून दाखवले. त्यांना दोन्ही सारखेच ऐकू आले.