कोळशाच्या खोलीतली पिल्लं

डोंबिवली, ५ नोव्हेंबर १९५३

ती. दादास,
उत्तराचा सा. न. वि. वि.

सर्व ठीक असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. खरं तर तुझ्या गुरांच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरकीची आज मला गरज पडलीय. महिन्यापूर्वी ह्यांनी मित्राकडून विलायती कोंबडीची अकरा पिल्लं आणून दिली. अंडी विकीन असा हट्ट माझाच. मॅट्रिक होऊन नुसत्या पोळ्या लाटून जीव विटला रे. आता त्यातली चार उठेनातच. पाय वाकडे झालेत, मांड्या फाकून बसून राहतात. कण्या पोटभर खातात, तरी ही दशा. ही गेली तर मी पुन्हा कशाला हात घालणार नाही, इतकं वाईट वाटतंय.

मामंजी गुडघ्यांमुळे ओटी सोडत नाहीत आणि ऐकूही कमी येतं, एवढीच देवाची कृपा.

माया आहेच तुझी, तिच्या जोडीला औषधही धाड.
उत्तरा

ठाणे, ८ नोव्हेंबर

चि. सौ. उत्तरास अनेक आशीर्वाद.

मामंजींना ऐकू येत नाही ही कृपा कशी, ते दुसऱ्यांदा वाचल्यावर कळलं. अगं वेडे, पिल्लं कोळशाच्या खोलीत कोंडलीस ना? लहानपणी मांजरीची पिल्लंही तिथेच लपवायचीस. आमचे डॉक्टर म्हणाले, ऊन नाही आणि चुना नाही, तर हाडं धरणार कशी? नुसत्या कण्यांवर अंग वाढतं, पाय मागे राहतात. रोज सकाळी परसात कोवळ्या उन्हात सोड. खाडीवरच्या शिंपल्यांचा चुरा पाठवतोय, तो कण्यांत मिसळ. सोबतच्या बाटलीतलं तेल थेंब थेंब दे. माशाचं आहे, म्हणून लेबल खरवडून काढलंय. तुमच्या सोवळ्यात नसता गोंधळ नको.

मामंजींना मात्र तूच सांग. ऊन काही चोरून देता येत नाही.

तुझ्या विश्रामरावांना नमस्कार, अकरांना आशीर्वाद.
त्र्यंबक

डोंबिवली, ३० नोव्हेंबर

ती. दादास सा. न. वि. वि.

सांगायचा धीर झालाच नाही. मामंजी पूजेला बसले की पिल्लं बाहेर काढायची, असं तीन दिवस निभावलं. चौथ्या दिवशी पाठीमागे काठी वाजली. त्यांनी बराच वेळ बघितलं आणि विचारलं, की ही चार बसून का आहेत? मी रडत रडत सगळं सांगितलं. म्हणाले, की माझ्या धाकापायी मुक्या जिवांना अंधारात ठेवलंत, मी काय राक्षस आहे?

दुसऱ्या दिवशी त्यांची खुर्ची परसात! घारींवर काठी उगारून बसतात. अंडं स्वयंपाकघरात येता कामा नये, पण पिल्लं पाहुणी, असा निकाल दिलाय. दादा, दहा पळतात रे! एक अजून लंगडतं, त्याला ते आपला सोबती म्हणतात. मी इतकी खूश आहे की पोळ्यासुद्धा गोल होतायत.

तेल मात्र भराभर संपतंय. पिल्लं पितात की सांडतात, देव जाणे.

अशीच कंपाउंडरकी चालू ठेव.
उत्तरा

डोंबिवली, १२ डिसेंबर

रा. रा. त्र्यंबकराव यांस सप्रेम नमस्कार.

सूनबाईंच्या नकळत प्रथमच लिहीत आहे. अकराही पिल्ले आता धावतात. काल मीही काठीवाचून स्टेशनापर्यंत जाऊन आलो.

बाटली संपली आहे. पिल्लांना आता तिची गरज नाही, तरी एक पाठवावी. तेल कशाचे ते मी विचारणार नाही, आपणही सांगू नये. पार्सल माझ्या नावे करावे.

लोभ वाढावा, बोभाटा नसावा.
दामोदर