दर उन्हाळ्यात विकायला निघणारी पॉन्टियाक

मी, व्हर्ना हेन्रिएटा ड्रेयर, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, राहणार एल्म हार्बर, मिशिगन, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत आहे. मोडले आहे ते खुब्याचे हाड. माझ्यावर कोणी दडपण आणलेले नाही, इतक्या वर्षांच्या संसारात ते कोणाला जमलेलेही नाही. आधीचे मृत्युपत्र रद्द समजावे, कारण त्यात मी रागाच्या भरात गाडी भंगारात घालायला सांगितली होती.

कलम १. राहते घर माझ्या पश्चात माझा नवरा लीलँड याचे. जिन्यावरचा दिवा त्याने बदलावा. सांगून सांगून माझे तोंड दुखले.

कलम २. जेवणाचे टेबल आणि खुर्च्या मुलगी मार्लिस हिला. तिने त्या आत्ताच न्याव्यात, कारण जेवणाच्या खोलीत आता माझा पलंग आहे आणि टेबल मागच्या ओसरीत भिजते आहे. पलंग तिथे का आला, ते पुढे सांगते.

कलम ३. नणंद बर्निस हिला माझे मोठे काचेचे भांडे. त्याचे झाकण एका नाताळात तिच्याकडे गेले ते गेलेच. विचारले की म्हणते, "अगं व्हर्ना, मी तर तेव्हाच दिलं होतं!" आता भांडेही घेऊन जा बाई, निदान जोडी तरी जमेल. शिवणयंत्र चर्चच्या बायकांना. जाड कापडालाही ते दबत नाही. गाडीच्या सगळ्या सीट मी त्यावरच शिवल्या आहेत.

कलम ४. आता ती गाडी. पॉन्टियाक जीटीओ, सन १९६८, रंग गडद हिरवा. ती कागदोपत्री माझी आहे. लीलँडला वेगाबद्दल इतके दंड झाले होते की त्याच्या नावावर विमा उतरवायला कोणी तयार होईना, म्हणून ती माझ्या नावावर झाली. हे तो सोयीस्कर विसरतो.

त्याने ती एका शेतकऱ्याच्या कोठारातून आणली तेव्हा आत कोंबड्या बसत होत्या. मग ती नव्यासारखी करायला कित्येक हिवाळे गॅरेजात हीटर लावून ती ऊबेत, आणि माझी साधी गाडी बाहेर बर्फात. मी रोज सकाळी काच खरवडायची! एवढे करून जुन्या गाड्यांच्या पहिल्याच प्रदर्शनात परीक्षकांनी गुण कापले. का? तर गाडी फार चांगली झाली होती. त्यांना ती कारखान्यातून निघाली तशीच हवी, दाराखालच्या रंगाच्या ओघळासकट, पत्र्यावरच्या तपासनिसाच्या खडूच्या खुणेसकट. आणि हा शहाणा ते सगळे घासून बसला होता. लीलँडने उभा जन्म गाड्यांच्या कारखान्यात रंगखात्यात काढला. ज्या ओघळासाठी मुकादम त्याला झापायचा, तसाच ओघळ हुबेहूब पाडायला त्याने पुढचा सबंध हिवाळा घालवला. मी कपाळावर हात मारून घेतला.

कलम ५. रस्त्यावरचे बर्फ आणि मीठ धुऊन गेले की तो गाडी अंगणात काढतो, बॉनेट उघडतो, काचेवर 'विकणे आहे' अशी पाटी लावतो आणि शेजारी घडीच्या दोन खुर्च्या मांडतो. दर उन्हाळ्यात मी म्हणायचे, यंदा तरी जाऊ दे ही ब्याद. गेल्या वर्षी एक दंतवैद्य पूर्ण पैसे घेऊन आला.

"ठेवणार कुठे?" लीलँडने विचारले.

"दारात. वर ताडपत्री घालीन की."

"दारात?"

"हो. का?"

"काही नाही. गाडी विकली गेली. सकाळीच."

मी खिडकीतून ओरडले, "कुणाला रे विकलीस? मला तरी कळू दे!"

"तू आत बघ गं, काहीतरी जळतंय."

काहीही जळत नव्हते. जळत होते ते माझे डोके.

यंदा हिवाळा सरता सरता मी पायरीवरून घसरले. जिना चढणे बंद झाले. हॉस्पिटलातून घरी आले तर गाडीच्या विक्रीचे कागद तयार, वर त्याच दंतवैद्याचे नाव.

"सही कर," लीलँड म्हणाला. "गॅरेजात तुझी खोली करतो. हीटर आहेच. जिन्याची कटकट नको."

"आणि गाडी?"

"त्याच्या दारात राहील." तो खाली बघत होता. "ताडपत्री चांगली जाड आहे म्हणाला."

इतके उन्हाळे देवाकडे मागितले ते आयते समोर आले होते, आणि मी पेन फेकून दिले.

"नाही करत जा!"

"अगं, तूच तर म्हणत होतीस!"

"म्हणत होते. आता नाही म्हणत."

पलंग जेवणाच्या खोलीत आला तो असा.

आता माझे कारण लिहिते, म्हणजे मागे कोणी मला वेडी ठरवायला नको. हा माणूस आठवडाभर घुम्यासारखा बसतो. 'हं' आणि 'मीठ दे' यापलीकडे जात नाही. पण रविवारी गाडी बघायला कोणी आले की सूर्य कलेपर्यंत बोलतो, हसतो, समोरच्याला कॉफी पाजतो. मागची सीट दाखवताना म्हणतो, "ही शिवण आमच्या व्हर्नाची. असा हात शोधून सापडायचा नाही." मी खिडकीशी बटाटे सोलत ऐकते. मला तोंडावर एकदाही म्हणालेला नाही, मेला.

कलम ६. मार्लिस म्हणते, "आई, तुझ्यानंतर गाडी विकून टाकू, बाबांना आम्ही ॲरिझोनाला नेतो." मार्लिस, तू पोटची पोर आहेस, पण तिथे तो कोणाशी बोलणार गं? निवडुंगाशी?

म्हणून गाडी मी मार्लिसच्या नावे करते. लीलँडच्या नावे करत नाही. तो माझ्या थडग्याच्या दगडासाठीसुद्धा विकायला काढेल. मला लहानसा दगड पुरे. लीलँड आहे तोवर गाडी याच अंगणात राहील आणि दर वर्षी पाटी लागलीच पाहिजे. किंमत दर वसंतात वाढवावी. कोणी तेवढीही द्यायला तयार झालाच, तर मार्लिसने "विचार करून सांगते" म्हणावे आणि सांगू नये.

कलम ७. अंगणातल्या दोन खुर्च्यांपैकी माझी घडीची खुर्ची कोणाला देऊ नये, मिटूनही ठेवू नये. ती त्याच्या खुर्चीशेजारी मांडावी. येणाऱ्याला बसायला लागते, आणि उभा माणूस लवकर निघून जातो.

ठिकाण : एल्म हार्बर, आमची जेवणाची खोली.
दिनांक : ९ मे २०१९. पाटी लागली आहे.

सही : व्हर्ना एच. ड्रेयर

साक्षीदार :
१. ग्रेचेन पॉल्सन, शेजारीण.
२. टेड ऑस्टरहाउस, जो कित्येक उन्हाळे गाडी बघायला येतो आणि अजून विचार करतो आहे. त्याने तो करत राहावा, अशी त्याला माझी विनंती आहे.