पश्चिमेकडची जागा

राहाता, १४ जानेवारी १९४५

सासरी येऊन आज चार दिवस झाले. निघताना अब्बांनी ही कोरी वही हातात ठेवली. स्वतः शिवलेली, पुठ्ठा स्वतः चढवलेला. नगरच्या कितीतरी शाळांची पुस्तकं अब्बांच्या हातून बांधून जातात. म्हणाले, सातवी पास झालीस ती चुलीत घालू नकोस, रोज चार ओळी तरी लिहीत जा.

चितळी स्टेशनावर छगन बैलगाडी घेऊन आला होता. हा बागेवरचा गडी, पन्नाशीचा, बोलायला मोकळा. वाटेत कुठल्या बागेला कोणाचं पाणी, कोणाचा पेरू आतून लाल, सगळं सांगत होता. आमची बाग तीन एकर आहे आणि तिला पाटाचं पाणी आहे. घर बागेतच, चार खोल्यांचं. पत्र्यावर पिकले पेरू धपकन पडतात, पहिल्या दिवशी मी दचकले आणि सगळे हसले. सगळे म्हणजे दोनच माणसं, हे आणि यांची आत्या, शमशाद फुफी. फुफींना दिसतं कमी, पण कान तिखट आहेत. मला दुल्हन म्हणतात.

सव्विसाव्या वर्षापर्यंत घरात राहिलेली मुलगी म्हणजे गल्लीतल्या बायकांना रोजचा विषय. अम्मी गेल्यावर अब्बांचं करायला मीच होते, त्यात वर्षं गेली. आता तो विषय संपला. काल यांनी झाडावरचा पेरू काढला, चाकूनं चार फोडी केल्या, तिखटमीठ लावलं आणि आधी माझ्यापुढे धरला. असं मला आधी कोणी दिलं नव्हतं. बोलतात कमी. नूरमहंमद हे नाव गावात सगळे अदबीनं घेतात.

यांची पहिली बायको रजिया दीड वर्षापूर्वी गेली, हे आम्हाला आधीच सांगितलं होतं. मूलबाळ नाही. जी राहिलीच नाही तिचं मला काय?

२ फेब्रुवारी

काल गुरुवार. दर गुरुवारी संध्याकाळी हे फुलं घेऊन बागेच्या टोकाला जातात. काल मी मागोमाग गेले. कोपऱ्यातल्या जुन्या झाडाला लागूनच रजियाची कबर आहे. साधी मातीची, पण नीट लिंपलेली. पिकलेले पेरू तिच्यावर पडले होते, ते यांनी एक एक करून वेचले.

कबरीच्या पश्चिमेला दोन हात जागा सोडून चार दगड रोवलेले दिसले, चुना लावलेले, एका माणसाच्या मापाचे. हे काय म्हणून विचारलं. म्हणाले, माझी जागा.

आपल्यात मय्यतीचं डोकं उत्तरेला आणि तोंड पश्चिमेला, काब्याकडे. म्हणजे रजियाचं तोंड या दगडांकडे. कयामतीपर्यंत तिच्या डोळ्यांपुढे हेच असणार. मी हसतच विचारलं, मग माझी कुठे?

त्यांनी जरा आठवल्यासारखं केलं आणि अगदी साधेपणानं म्हणाले, "तुमचं कब्रस्तान नगरला आहे ना."

त्यात राग नव्हता, तोडून टाकणंही नव्हतं. खरंच त्यांच्या मनात कधी आलंच नव्हतं. मी जन्मभर यांच्या भाकरी थापायच्या आणि मेल्यावर गाडीत घालून मला माहेरी पोचवायचं. कालपासून घास उतरत नाही.

१९ फेब्रुवारी

बागेतल्या सगळ्यात गोड झाडांना रजियाची रांग म्हणतात. तिनं कलमं लावली होती. व्यापारी आला की आधी विचारतो, रजियाची रांग काढली का? मी त्याच्यासमोर चहा ठेवत असते.

आज फुफींच्या पायाला तेल चोळताना तिच्याबद्दल विचारलं. वाटलं, आत्तेसासू म्हटल्यावर काहीतरी वाईट निघेलच. काही निघालं नाही. गुणाची होती, आवाज चढवला नाही, दोन महिने अंथरुणात होती पण कुणाला हाक मारून पाणी मागितलं नाही. शेवटी एकच मागितलं तिनं. फुफींनी तिचे शब्द जसेच्या तसे सांगितले: "माझ्या तोंडासमोर दुसरं कुणी नको."

"त्यानं जबान दिली हाय, दुल्हन," फुफी म्हणाल्या. "ती जागा त्याची. त्यात आता काय बदल न्हाई."

जिवंत सवत असती तर भांडले असते, तिच्यापेक्षा चांगला मटणाचा सालन केला असता, तिच्याआधी उठले असते. हिच्यापुढे काय करू? हिचं सगळं करून झालं आहे.

६ मार्च

हे कोपरगावला गेले आहेत, परवा येतील. फुफी जेवून झोपल्या. मी एक काम केलं.

यांच्या पश्चिमेला मला जागा मिळाली असती तर यांचं तोंड माझ्याकडे झालं असतं. पण तिकडे सहा हातांवर पाण्याची चारी आहे. चारीच्या इतक्या जवळ मला नवी जागा कोणी आखून देणार नाही, आखलेली यांची तेवढी गुपचूप सरकवता येईल. मग मधली तरी माझी. मी चारही दगड उपटले आणि तीन हात चारीकडे सरकवून पुन्हा रोवले. जुने खड्डे पायानं बुजवले. आता कबर आणि दगड यांच्यात पाच हात आहेत. त्यात मी बसते. माझ्यापुढे यांची पाठ आणि तिच्यापुढे माझी.

हात फोडांनी भरले आहेत. आज पहिल्यांदा पोटभर जेवले.

९ मार्च

काल गुरुवार. हे फुलं घेऊन गेले, आता विचारतील म्हणून मी दारात उभी. परत आले, हात धुतले, जेवायला बसले.

आज दुपारी जाऊन पाहिलं. कबर आणि दगड यांच्यात दोनच हात जागा आहे.

दगड मी ठेवले तिथेच आहेत. चारीपासूनचं अंतर मोजलं, तीन हात. मग पलीकडे गेले. जुनं झाड कबरीला लागून होतं. आता झाड आणि कबर यांच्यामध्ये तीन हात उघडी माती आहे आणि पडलेले पेरू तिथे आहेत.

छगनला बोलावून दाखवलं. म्हणाला, बागेला पाणी दिलं की माती फुगती, सरती. मी म्हटलं, फुगली तर दोन्ही बाजूंना फुगेल, इकडून सुटली कशी? तो झाडाकडे बघत राहिला. मग फावडं उचललं आणि दुसऱ्या टोकाला गेला.

१७ मार्च

परवा पुन्हा दगड हलवले. थेट चारीच्या काठाला, यापुढे जागाच नाही. काल मोजलं तेव्हा चार हात. आज दोन.

वर लिंपण जसंच्या तसं आहे, कुठे चीर नाही. उंचवटा अख्खाच्या अख्खा आला आहे.

यांना दिसत नाही, कारण हे तिच्याकडून दगडांकडे बघतात आणि तिथे नेहमीचे दोन हात असतात. सांगू कशी? सांगायचं तर आधी मी काय केलं ते सांगावं लागेल.

३ एप्रिल

यांना पाच दिवस ताप आहे. डॉक्टर म्हणाले मुदतीचा ताप, एकवीस दिवस जपा. डोक्यावर पट्ट्या ठेवते, मोसंब्याचा रस पाजते. फुफी जपमाळ घेऊन बसल्या आहेत.

१२ एप्रिल

आज यांनी डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "रजिया?"

मी म्हटलं, "जी."

तेव्हा जे हसले ते हसू मी तीन महिन्यांत पाहिलं नव्हतं. मी तशीच त्यांचा हात धरून बसले. त्यांनीही सोडला नाही. बरे होऊ देत. नाही झाले तर ते तिचे होतील.

२१ एप्रिल

काल सकाळी गेले.

गुसलची आंघोळ, कफन सगळं पुरुषांनी केलं. तोंड बघायला मला बोलावलं, मग जनाजा उचलला. बायका आतच. दुपारच्या जुहरच्या नमाजानंतर निघालेली माणसं तिसऱ्या प्रहराची असर होऊन गेली तरी परतली नाहीत. एवढा वेळ का म्हणून फुफी विचारत होत्या.

२५ एप्रिल

इद्दत सुरू आहे. चार महिने दहा दिवस घराबाहेर पडायचं नाही.

खिडकीतून छगनला विचारलं. खाली बघत म्हणाला, दगडांच्या आत खणलं तर छातीइतक्या खोलीवर पाणी लागलं. चारीचं पाणी. चांदभाई कबर खणणारा म्हणाला, मय्यत पाण्यात ठेवायची न्हाई. मग बाजूला केली, तिच्याजवळच.

कोरड्या मातीतली यांची जागा मी पाण्यात नेली. मी.

आणि तरीही एक गोष्ट मनातून जात नाही. तो पहिला खड्डा उघडाच आहे. तो यांच्या पश्चिमेला आहे. यांचं तोंड आता त्या खड्ड्याकडे.

८ मे

पाटाचं आवर्तन बंद झालं, चारी कोरडी पडली. दुपारी फुफी झोपल्या की जाते. इद्दत मोडते, माहीत आहे. खड्ड्यातलं पाणी आटलं, गाळ मी बादलीनं काढला. आज आत उतरून आडवी झाले. डोक्यापाशी वीतभर, पायापाशी वीतभर. माझंच माप.

पूर्वेच्या भिंतीला कान लावला. पलीकडे हळूहळू माती खरवडल्यासारखं. घूस असेल.

१५ मे

वरून मोजलं. खड्डा आणि उंचवटा यांच्यात दीड हात. गेल्या आठवड्यात दोन होते.

घूस नाही. हे येत आहेत.

माझ्याकडे येत आहेत. जिवंतपणी जे आलं नाही ते मेल्यावर मनात आलं त्यांच्या. तिला मागे टाकून. आज डोळ्यांत सुरमा घातला. फुफींना दिसत नाही.

२० मे

एक हात. मी बोलते, खरवडणं थांबतं. गप्प झाले की सुरू. ऐकतात माझं. तिचं इतकं कधी ऐकलं होतं का?

२३ मे

छगननं मला खड्ड्यात पाहिलं. वरून बघत राहिला, मग हात देऊन मला वर काढलं. परक्या बाईला हात लावला म्हणून माफी मागितली. रडत होता.

"भाभी, तिकडं मालक न्हाईत," तो म्हणाला. "मालक तिच्या मागं हायेत."

मग सगळं सांगितलं. पाणी लागल्यावर त्यांनी खड्ड्याच्या अलीकडे, रजियाच्या बाजूला खणायला घेतलं, तर बाजू ढासळली आणि रजियाचं कफन दिसलं. जिथे ती असायला नको तिथे. दीड वर्षाचं कापड, पण डाग नव्हता. तिच्यामागे, झाडाच्या बाजूला, ती जिथे पुरली होती ती जागा रिकामी, पोकळ. दिवस बुडत आला होता. त्यांनी यांना त्या रिकाम्या जागेत ठेवलं, दोघांवर मिळून एकच उंचवटा होईल अशी माती लोटली आणि कुणी कुणाला सांगायचं नाही असं ठरवलं.

म्हणजे हे तिच्या पाठीकडे बघतात.

आणि तिचं तोंड—

२४ मे

छगन गेला. न सांगता, बायकोला घेऊन. अब्बांना पत्र टाकायला कुणी नाही.

गेले नाही आज. घरातून खिडकीतून बघितलं. उंचवटा आणि खड्डा, मधे जागाच दिसत नाही. लांबून दिसत नसेल.

माझ्या तोंडासमोर दुसरं कुणी नको, असं म्हणाली होती. आणि मी रोज तिच्या तोंडासमोर जाऊन निजत होते. सुरमा घालून. गोड बोलत. ती ऐकत होती—

२५ मे

खड्डा बुजवते. एवढंच करायचं. फावडं घेतलं आहे. वही बरोबर नेते, अब्बांच्या हातची वही घरात सोडवत नाही.

दुपार

निम्मा बुजवला. फावडं आत पडलं. घ्यायला उतरले. बोटं लावली तर भिंत पुठ्ठ्याएवढी पातळ—

ऐकू येतं. अगदी जवळ. वर चढता येत नाही, माती सुटते आहे, पाय गुडघ्यापर्यंत— फुफींना हाक मारली. झोपल्या असतील. कान तिखट आहेत त्यांचे, मग का—

भिंतीला भोक. पांढरं कापड. ती एकटीच आहे. मागे अंधार आहे, हे दिसत नाहीत. त्यांना मागे ठेवून आली—

रजियाबी, मी जाते नगरला. तिथेच पुरा म्हणेन मला. जागा तुझी, ते तुझे, मी कुणाच्या समोर—

हात. गार नाही. हनुवटीखाली. जोर नाही करत. मय्यतीला करतात तसं, हळूच, माझं तोंड पश्चिमेकडे वळव—