लिफ्टमधले सर

अक्का,

आज संध्याकाळी नक्की झालं. रविवारी महोत्सवाच्या शेवटच्या दिवशी मुलांचा मूळ सिनेमा दाखवणार नाहीत, महोत्सवानं परस्पर 'नीट करून' घेतलेला दाखवणार आहेत. कार्यशाळेचं काम बघणाऱ्या पुण्याच्या पोरीनं मला फोनवर स्वतः सांगितलं आणि मी पुन्हा विचारल्यावर पुन्हा सांगितलं. वर्तमानपत्रात जन्म गेला, त्यामुळे रागावण्याआधी बातमी पक्की करून घ्यायची सवय अजून आहे. आता ती पक्की झालीय, त्यामुळे रागवायला हरकत नाही. आणि या बाबतीत माझं गाऱ्हाणं ज्याला न समजावता समजेल असं माणूस तुझ्याखेरीज आठवेना.

तू गेलीस तेव्हा आपल्या या कानडी गावात असलं काही नव्हतं. आता दरवर्षी मुलांच्या सिनेमांचा महोत्सव भरतो, आणि त्याच्या आधी शाळकरी मुलांची कार्यशाळा होते. पाच-सहा मुलांचा एक गट. गोष्ट त्यांनीच रचायची, फोनवर चित्रीकरण त्यांनीच करायचं, काम त्यांनीच करायचं आणि शेवटी काटछाटही त्यांचीच. चार-पाच मिनिटांचा सिनेमा होतो आणि शेवटच्या दिवशी मोठ्या पडद्यावर लागतो. मला गोष्ट शिकवायला बोलावतात. शिकवणं म्हणजे बहुतेक वेळ तोंड मिटून बसणं, हे मला फार उशिरा कळलं.

यंदा माझ्या गटात एक मुलगी होती. बारा वर्षांची, दोन वेण्या, हाडकुळी. वडील कंपनीच्या नोकरीसाठी नागपूरहून आले, के. आर. पुरमला राहतात. पहिल्या दिवशी ती एक अक्षर बोलली नाही. दुसऱ्या दिवशी मी मुलांना म्हटलं, आपली फजिती झालेला एखादा खरा प्रसंग सांगा. सगळ्यांचं झाल्यावर तिनं हात वर केला आणि बोलायला लागली, तर आम्ही सगळे दचकलो. इतका घोगरा, भरदार आवाज, जणू शेजारच्या खोलीतून एखादे बँक मॅनेजर बोलतायत. डॉक्टरांनी तपासलंय, काही आजार नाही, आवाजच तसा आहे. शाळेत तिला 'अंकल' म्हणतात. तर तिनं सांगितलं ते असं: एकदा वीज गेली आणि ही एकटी लिफ्टमध्ये अडकली. आतून ओरडली, तेव्हा बाहेर जमलेल्या लोकांना वाटलं, कुणीतरी मोठे गृहस्थ अडकलेत. सगळे अदबीनं 'सर, सर' करायला लागले. एकानं तर दाराला तोंड लावून विचारलं, सर, बीपीची गोळी जवळ आहे ना? दार उघडल्यावर ही बाहेर आली, आणि सगळे हिला ओलांडून आत बघत राहिले, सर कुठे गेले म्हणून. एवढं सांगून तीच पहिल्यांदा हसली. मग बाकीची मुलं हसून लोळली. ती हिला हसत नव्हती, त्या लोकांना हसत होती, आणि हा फरक तिला तिथल्या तिथे कळला. मी तिचा चेहरा बघत होते. तिचा स्वतःचा आवाज तिच्या बाजूनं झाल्याचं तिनं बहुधा पहिल्यांदाच पाहिलं असावं.

तोच त्यांचा सिनेमा. नाव 'सर'. आमच्या बनशंकरीच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये त्यांनी तो केला. बराच वेळ पडदा नुसता काळा, कारण आत अंधार. ऐकू येतात फक्त आवाज. तालमीच्या वेळी आमच्या दुसऱ्या मजल्यावरचे निवृत्त गृहस्थ खरोखरच घाबरून बाहेर आले आणि दारावर थापा मारत ओरडले, "सर, टेन्शन तगोबेडि! स्वल्प वेट माडि!" टेन्शन घेऊ नका, जरा थांबा म्हणून. आतून या बाईसाहेब आपल्या अर्ध्याकच्च्या कन्नडमध्ये दरडावतात, "सरी, सरी. बेग माडि!" बरं बरं, लवकर करा म्हणे. मुलांनी फोन चालू ठेवला होता, म्हणून ते सगळं सिनेमात आलं. शेवटी दार उघडतं, वेण्या घातलेली मुलगी बाहेर येते, सगळे तिच्यामागे बघतात. "सर एल्लि?" सर कुठे? ती थांबते. चांगली थांबते. मग त्या आवाजात म्हणते, "नाने सर." मीच सर. संपलं. मी अनेक वर्षं लोकांचं लिखाण कापलं, अक्का. यातलं एक सेकंदही मला कापता आलं नसतं.

परवा महोत्सवानं सगळ्या पालकांना तयार सिनेमे पाठवले. तासाभरात तिचा फोन आला. "मॅडम," ती म्हणाली, "माझ्या तोंडात कोण बोलून राहिलं?"

मी सिनेमा उघडला. तिच्या तोंडी कुणा दुसऱ्याच मुलीचा मंजुळ, शिकवलेला आवाज. काळा पडदा गेला, त्या जागी कुठून तरी आणलेली आकाशातून दिसणारी रात्रीची शहरं, आणि खाली व्हायोलिन. आता मंजुळ आवाजाला 'सर' कोण म्हणणार? म्हणून आमच्या शेजाऱ्यांचाही आवाज बदलला. ते आता 'पुट्टी' म्हणतात, म्हणजे बाळ. पुट्टी, रडू नकोस. ती रडतच नव्हती! शेवटचं 'नाने सर' तर पार गेलं. दार उघडल्यावर सगळे टाळ्या वाजवतात आणि पडद्यावर इंग्रजीत अक्षरं येतात, शूर मुलगी.

"काहून बदलवला, मॅडम? मी खराब बोलली का?"

मी काही बोलायच्या आत फोन तिच्या वडिलांनी घेतला. "ताई, तुम्ही नका मनावर घेऊ. छान केलंय ना त्यांनी. एकदम प्रोफेशनल वाटून राहिलं. तिला समजावतो आम्ही." ते भले गृहस्थ आहेत. मुलगी शेजारीच उभी होती आणि ऐकत होती, एवढंच त्यांच्या ध्यानात आलं नाही.

त्या रात्री मला तुझं टेबल दिसायला लागलं. आपल्या इथल्या शिवाजीनगरच्या त्या फोटो स्टुडिओच्या माळ्यावर, खिडकीशी. मी शाळेतून येते, बस-स्टँडच्या गर्दीतून वाट काढत जिना चढते, आणि तू उतरत्या काचेवर निगेटिव्ह ठेवून वाकलेली असतेस. खालच्या आरशातून उजेड वर येतो. कुणाच्या देवीच्या खुणा, कुणाच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं, कुणाचा मस. टोकदार पेन्सिलीनं भरायचं, बारीक पात्यानं खरवडायचं. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक आपला फोटो बघून खूश होतं आणि त्याला वाटतं, आपण असेच दिसतो. मला तुझा केवढा अभिमान होता. माझी आई लोकांना देखणं करते, असं मी वर्गात सांगायची.

मग माझा फोटो काढला. मी चौथीत होते. मालकांनी हौसेनं काढला, पैसे घेतले नाहीत. माझ्या उजव्या भुवईत हातपंपाचा दांडा लागून पडलेली पांढरी खूण होती, तू ती पात्यानं खरवडून टाकलीस. फोटो हातात आला, तर भुवई अखंड. मी विचारलं, ही कोण?

"तूच की. बघ किती चांगली दिसतीयेस."

"मग आधी काय वाईट दिसत होते?"

तुझा हात थांबला. तू मला रागावलीस, मोठ्यांशी असं बोलतात का म्हणून. मी जेवले नाही. माझ्याच आईनं मला पुसलं, आणि तेही मला न सांगता, असं वाटत राहिलं. तेव्हा त्याला शब्द नव्हते, आता आहेत.

दुसऱ्या दिवशी तू मला माळ्यावर बोलावलंस. निगेटिव्हवरचं खरवडलेलं परत येत नाही, हे मला माहीत होतं. तू दुसरी प्रत छापून घेतली होतीस. ती माझ्यासमोर ठेवलीस, ब्लेडचं टोक हातात घेतलंस आणि म्हणालीस, "कुठं होती? बोट लावून दाखव."

मी दाखवलं. तू कागद हलकेच खरवडलास. पांढरी रेघ उमटली.

"स्वल्प वर?"

"नाही. तिथंच."

"सरी."

माफी तू मागितली नाहीस. पण त्यानंतर प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारायला लागलीस, हे ठेवू का काढू? मालक वैतागायचे. "अक्का, गिऱ्हाईक चांगलं दिसायला येतं, मुलाखत द्यायला नाही!" काही लोक गोंधळायचे, काही रागवायचे, बहुतेक जण म्हणायचे काढा. पण कधी एखादा आपल्या गालावरचा व्रण चाचपायचा आणि म्हणायचा, "इरली." असू दे. मग तू पातं खाली ठेवायचीस. माझे सगळे धाकटे मामा-मावश्या तुला अक्का म्हणत, म्हणून मीही म्हणायची. त्या दिवसापासून मात्र मी तुला आई म्हटलं असतं तरी चाललं असतं, असं आज वाटतं.

हे सगळं डोक्यात ठेवूनच आज त्या पुण्याच्या पोरीशी बोलले. आवाज चढवला नाही. ती वाईट नाही, दमलेली आहे.

"काकू, प्लीज समजून घ्या ना. एडिटिंगवाल्या स्टुडिओला वाटलं आवाजाचा सिंक गेलाय, चित्राशी जुळत नाही. स्क्रीनवर मुलगी आणि आवाज, म्हणजे सॉरी, पण एखाद्या अंकलचा."

"तोच तर सिनेमा आहे."

"हो, ते आम्हाला नंतर कळलं. तोपर्यंत डबिंग झालं होतं."

"मग मुलांचा मूळ सिनेमा लावा. माझ्याकडे आहे, आत्ता पाठवते."

"काकू, स्पॉन्सर्सना हाच दाखवलाय. त्यांना खूप आवडलाय. आणि खरं सांगू? फार क्यूट झालाय."

"तिला विचारलंत?"

"कुणाला?"

अक्का, ती हे मुद्दाम म्हणाली नाही. तिला खरोखरच कळलं नाही मी कुणाबद्दल बोलतेय. या एका शब्दाचा मला जेवढा राग आला, तेवढा त्या व्हायोलिनचाही आला नव्हता. मुलांसाठी महोत्सव, मुलांच्या नजरेतून जग, मुलांचा आवाज, असं सगळ्या फलकांवर लिहिलंय. हॉलच्या दाराशी तर हेच वाक्य माणसापेक्षा उंच अक्षरांत उभं आहे. आणि एका मुलानं खरोखर आपला आवाज आणून दिला, तर तो यंत्राचा बिघाड समजून दुरुस्तीला पाठवला. चूक होऊ शकते. तुझीही झाली. पण चूक कळल्यावर 'कुठं होती, दाखव' असं विचारायला कितीसा वेळ लागतो?

ती पुढे म्हणाली, "आणि काकू, सिनेमा झाल्यावर प्रत्येक गटातलं एक मूल माइकवर येणार आहे. तुमच्या गटातून दुसऱ्या कुणाला पाठवू या का? म्हणजे तिलाच ऑकवर्ड नको. फिल्ममध्ये एक आवाज, स्टेजवर दुसरा..."

मी म्हटलं, ते मुलं ठरवतील. मुलांनी ठरवायला जेवणाएवढाही वेळ घेतला नाही. मी गटाला विचारल्यावर थोड्याच वेळात तिचा फोन आला.

"मॅडम, मीच जाऊन राहिली."

"काय बोलणार?"

"काही नाही ना. एवढंच म्हणणार, नमस्कार, ह्या फिल्ममधली मुलगी मी. मग पाहतेच, कोण कोण माझ्या मागं पाहून राहिलं ते." आणि ती हसली. तिचं हसणंही तसंच आहे, पिंपातून आल्यासारखं.

"आणि बाबा?"

"बाबा म्हणे, ताईंना विचार, गाडी कुठं लावायची."

महोत्सवाला मी रीतसर तक्रार पाठवलीय, दहा ओळींत, एकही विशेषण न वापरता. ती वाचतील किंवा नाही. हे पत्र मात्र लांबलं, आणि ते टाकायला पेटी नाही. संपवण्याआधी एक सांगते, कारण तुझ्याशी खोटं बोलून काय मिळणार. परवा तो नीट केलेला सिनेमा उघडला, तेव्हा काय झालंय ते कळायच्या आधी थोडा वेळ तो मंजुळ आवाज मलाही आवडला होता. आणि ती अखंड भुवईची पहिली प्रत मी फाडली, असं तुला सांगितलं होतं ना? फाडली नाही. तुझ्या ब्लेडची रेघ असलेल्या फोटोच्या मागे, त्याच चौकटीत ती आजही आहे. मधून मधून काढून बघायची मी. चांगली दिसायची ती मुलगी.

रविवारी सकाळी त्यांचा सिनेमा लागेल, व्हायोलिन वाजेल, लोक टाळ्या वाजवतील. मग दिवे लागतील आणि दोन वेण्यांची ती मुलगी माइकपाशी जाऊन तिचं एक वाक्य म्हणेल. हॉलमधले बहुतेक जण तिच्यामागे कोण उभं आहे ते बघतील. कुणीही नसेल. तेवढा वेळ ती थांबेल. किती थांबायचं ते आम्ही कुणी तिला शिकवलेलं नाही, तिचं तिला येतं.