रिकामी खोली, पहिली गाडी

रविवार, ७ नोव्हेंबर २००४

हात हलवत परत आलो!

आठ वाजता जंगलाच्या आंबेझरी गेटमधून आत सोडलं. तलावाला एक चक्कर झाली, हरणं दिसली, मोर दिसला, आणि पुढे रस्त्यावर आडवी साखळी. गाईड लच्छू म्हणाला, "दिवसाच्या तिकिटाले इथपर्यंतच, मॅडम." पळसझरी साखळीपासून सहा किलोमीटर आत. बाबांचं गाव. म्हणजे गाव होतं तेव्हा. तेहतीस वर्षांपूर्वी अभयारण्यासाठी सगळ्यांना उठवून बाहेर जागा दिली, आणि बाबा माजरीच्या खाणीत लागले. आता रिटायर झाल्यापासून एकच धोशा — पिंपळ आहे का पाहू दे. छप्पन साली आजोबांबरोबर नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले, आणि त्याच आठवड्यात विहिरीजवळ तो लावला. बाबा तेव्हा सोळा वर्षांचे.

आम्ही साखळीपाशी गाडी वळवत होतो तेव्हा समोरून दोन जिपा आल्या. आतून! मी लच्छूला विचारलं, ह्यांना कसं सोडलं? "ते पाहुणाघरातले," म्हणाला.

 घरी आल्यावर बाबांनी दम्याचा पंप दोनदा घेतला.

सोमवार, ८ नोव्हेंबर

गेटबाहेरच्या पाहुणाघराची पावती जीपवाल्या वाजिदकडे होती, कोण्या गिऱ्हाईकाची जीपमध्ये राहिलेली. ती मागून घेतली. मागच्या बाजूला बारीक अक्षरात नियम छापलेत. गणित शिकवणाऱ्या बाईच्या हाती नियम द्यायचेच नाहीत कोणी! नियम क्रमांक तीन: "खोलीधारकांच्या वाहनास सकाळी सहा वाजता प्रथम प्रवेश. आतील रस्त्यावर दुपारी बारापर्यंत परवानगी."

म्हणजे खोली घ्यायची. झालं की!

मंगळवार, ९ नोव्हेंबर

झालं नाही. काल रात्री विषय काढला, बाबा ऐकत नाहीत.

"आपल्या गावच्या वाटेवर भाडं देऊन झोपू? मी का पाहुणा आहो तिथचा?"

मी म्हटलं, बाबा, एक रात्र. "एक घंटाबी नाई." आणि तोंड भिंतीकडे केलं. आई भाजी निवडत होती, ती म्हणाली, "सोड ना त्याचा नाद, सरू." नाद सोडेन ती मी कसली!

रात्रभर पावती वाचली. सकाळी चहा ढवळताना लक्षात आलं. खोली घेणाऱ्याला प्रवेश आहे. त्यात झोपायला पाहिजे असं नियमात कुठेही नाही! खोली घ्यायची, किल्ली घ्यायची, किल्ली खिशात ठेवून बाबांना आत न्यायचं, दुपारी किल्ली परत. झोपायचं आपल्या घरी. एवढं साधं कोणाला कसं सुचलं नाही?

वाजिदला सांगितलं तर तो हसत सुटला. "ताई, तुमचं डोकं म्हणजे डोकं हाये." शेजारच्या नूर मोहम्मद चाचांचं गॅरेज भद्रावतीत, त्यांची जीप हाच चालवतो. म्हणाला, पहाटे चारला दारात उभा राहतो.

रविवार, २१ नोव्हेंबर

पहिली गाडी आमची! सहाला पाच कमी असताना गेटवर, मागे अकरा गाड्या, आणि मी हातात खोली नंबर चारची किल्ली नाचवत. खोलीचं दार कसं आहे तेसुद्धा पाहिलं नाही.

साखळी उघडली. बाबा मागच्या सीटवरून पुढे आले. स्वेटर, मफलर, वर टोपी — आणि तोंडानं वाट सांगणं सुरू. "इथून नाला लागंल." लागला. "आता चढाव." आला चढाव! लच्छू बघतच राहिला.

मग रस्ता फुटला. उजवीकडचा चालू, डावीकडचा बंद. नाल्यावरची रपट, म्हणजे तो बुटका पूल, पावसात वाहून गेलेली. पळसझरी डावीकडे. बाबा म्हणाले, मी पायी जातो, अर्धा कोस तर हाये. उतरायलाच लागले. लच्छूनं दंड धरला. "काकाजी, उतरू नका. माझी नोकरी जाईल." बाबांनी त्याच्याकडे पाहिलं आणि बसले. नोकरी जाणं म्हणजे काय ते त्यांना कळतं.

तरी मी खूश आहे. डाव्या वाटेवर, गाव होतं तिथेच, आता गस्तीवाल्यांचा कॅम्प आहे म्हणे. आणि कॅम्पवर उतरायला परवानगी असते! रपट बांधून होऊ दे फक्त.

रविवार, ५ डिसेंबर

खोली मिळाली नाही. सगळं फुल्ल. उद्या सहा डिसेंबर, बाबांना आजच जायचं होतं. दिवसभर रेडिओ लावून बसले.

रविवार, १९ डिसेंबर

पकडलं!

पाहुणाघरात नवीन मॅनेजर आलाय. मी किल्ली मागितली तर म्हणाला, "मॅडम, रजिस्टरमध्ये गेल्या वेळीही तुमचंच नाव ना? चादरीची घडीसुद्धा मोडली नव्हती म्हणे." मी नियम दाखवला. त्यानं वाचला. परत वाचला. मग बाहेर बोट केलं. नागपूरची एक बाई दोन पोरांना घेऊन व्हरांड्यात बाकावर बसली होती, कालपासून खोलीसाठी थांबलेली. रात्र त्यांनी गाडीत काढली.

"नियमात नाही ते खरं आहे. पण तुमची खोली रिकामी अन् ती लेकरं थंडीत. आता माझा नियम — खोलीत माणूस झोपला पाहिजे. नाहीतर आठ वाजताच्या लायनीत लागा."

आठच्या लायनीत लागलो. तलाव पाहिला. हरणं पाहिली.

त्या पोरांचं मला खरंच वाईट वाटलं. लहान्याचं नाक वाहत होतं. पण मॅनेजर "माणूस" म्हणाला. कोणता माणूस, ते नाही म्हणाला!

सोमवार, २० डिसेंबर

आई!

बाबा तिथे झोपत नाहीत. बाबांना रात्री दम कधी लागेल सांगता येत नाही, दवाखान्यात न्यायला मीच लागते, म्हणून मी तिथे झोपू शकत नाही. उरली आई. शनिवारी शाळा अर्धी असते, दुपारी वाजिदबरोबर तिला सोडायचं, मी परत. रविवारी पहाटे बाबांना घेऊन जायचं. खोली वापरली — मॅनेजर खूश, नियम खूश, आम्ही खूश.

आई म्हणाली, "मी? एकटी?"

"एक रात्र तर आहे, आई."

"अन् बाबाचं जेवण?"

मी करीन म्हटलं. तर माझ्याकडे अशी पाहत राहिली, जणू मी विमान चालवीन म्हणाले! मग विचारलं, "तिथी काय करू मी?" काही करायचं नाही, झोपायचं फक्त.  तिनं पिशवीत काय काय न्यायचं ते लगेच काढून ठेवलं. जायला अजून तीन आठवडे आहेत!

रविवार, ९ जानेवारी २००५

रपट अर्धीच झालीय. डावी वाट बंद. लच्छू म्हणतो, महिनाभर. बाबांनी फाट्यावर गाडी थांबवायला लावली आणि नुसते त्या दिशेला बघत राहिले. चालेल. निम्मं काम झालं.

आईला घ्यायला गेलो तर ती व्हरांड्यात खुर्चीवर. आईला खुर्चीवर बसलेलं मी आमच्या घरात पाहिलेलं नाही. नेहमी उंबऱ्यावर, नाहीतर खाली. केस धुतलेले, मोकळे. "नळाले गरम पाणी येते, सरू. बटण दाबलं का झालं." झोप लागली का विचारलं. म्हणाली, "सात वाजता उठली. कोणी उठवलंच नाई मले."

गाडीत बाबा म्हणाले, काल भात कच्चा होता. माझा. आई खिडकीबाहेर पाहून हसली.

मंगळवार, ११ जानेवारी

आईनं बाजारातून स्वतःसाठी नवीन टॉवेल आणला. गुलाबी.

रविवार, २३ जानेवारी

आज वाघानं घोळ केला!

साखळी ओलांडून दोन किलोमीटरवर वाघीण रस्त्यात बसलेली. ऐन मधोमध. पुढे-मागे सगळ्या गाड्या खोळंबल्या. लोक कॅमेरे काढून श्वास रोखून उभे, एक पुण्याचे काका तर रडायला आले होते आनंदानं. आणि आमचे बाबा घड्याळ बघून राह्यले!

"लच्छू, हिले बाजूले व्हाले सांग ना."

"काकाजी, वाघ आहे तो!"

"वाघ आहे तं काय? ढोरं चाराले जाताना रोज भेटे. आम्ही का असे गाड्या लावून उभे राहो?"

वाजिद तोंडावर रुमाल दाबून हसत होता. पण वाघीण उठली साडेअकराला. बाराच्या आत बाहेर यायचं, परत फिरलो. रपट कशी झाली तेही पाहता आलं नाही.

आई या वेळी व्हरांड्यात नव्हती. शोधत मागे गेले तर स्वयंपाकघरात! तिथल्या स्वयंपाकीण सुगंधाबाई बाजूला बसून चहा पीत होत्या आणि आई चाळीस माणसांच्या आलुपोह्याला फोडणी देत होती. मी म्हटलं, आई, तू इथली गिऱ्हाईक आहेस! सुगंधाबाई म्हणाल्या, "माझी कंबर धरली होती. ठमाबाईनं हातातून झारा घेतला अन् बस म्हणाली मले." मॅनेजर तिथेच उभा राहून पोहे खात होता. "मॅडम, आईंच्या हाताला चव आहे हं." आई त्याला म्हणाली, "मीठ कमी वाटते का, साहेब?" एवढ्या मोठ्यानं! परक्या माणसासमोर तिचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला.

माझ्या युक्तीनं दोघांची हवापालट होतेय, हे एक बरं झालं.

शनिवार, ५ फेब्रुवारी

लच्छूचा निरोप. रपट झाली!! पुढच्या रविवारची खोली घेतली.

रविवार, १३ फेब्रुवारी

पोचलो.

डावी वाट, नवी रपट, मग बांबू, आणि बांबू संपताच मोकळी जागा. पत्र्याचा कॅम्प, दोन गार्ड, चुलीवर चहा. लच्छूनं त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं. थोरला गार्ड पुढे आला आणि म्हणाला, "या बापूजी. कुंपणाच्या आत कुठीबी फिरा."

बाबा उतरले. काठी जीपमध्येच राहिली, त्यांच्या लक्षातही आलं नाही.

गावाचं काही उरलेलं नाही. मला तर साधं रान दिसलं. पण बाबा चालत गेले आणि एका उंचवट्यावर उभे राहून म्हणाले, "हे आपलं." मग बोटानं दाखवत गेले. इथे मोठे काका, इथे समाजाची बैठक, इथे तुझी आई नवी नवरी म्हणून उतरली. विहीर आहे. गार्ड लोक तिचंच पाणी पितात. आणि विहिरीमागे पिंपळ. केवढा! तिघांनी हात धरले तरी कवेत यायचा नाही. बाबांनी पायातले बूट काढले, हात जोडले, त्रिशरण म्हटलं. आवाज फाटत होता, पण पंप नाही लागला. मग खोडाला पाठ टेकून बसले. वीस मिनिटं. मी लांब उभी होते, वाजिदही टोपी नीट करून उभा होता.

उठताना म्हणाले, "आहे पोरी. आहे." आणि थोड्या वेळानं, "तुझी आई काऊन नाई आली?"

काऊन म्हणजे! तिनं खोलीत झोपायचं म्हणून आपण इथे येऊ शकलो ना! 

पाहुणाघरात आल्या आल्या बाबा लहान पोरासारखे सांगत सुटले. पिंपळ असा, विहीर तशी. आई कणीक मळत होती. मळतच राहिली.

"त्याच विहिरीवर दिवसाले तीस-तीस गुंड भरून पाणी ओढलं म्या. सासूचं, दिराचं, ढोरायचं. तुमाले पिंपळ दिसते. मले दोर दिसते."

  सुगंधाबाईंनी विषय बदलला — होळीला वणीला लेकीकडे चालल्या आहेत, कायमच्या, कंबर आता साथ देत नाही. मग आम्ही निघालो. गाडीत आई मागे बसली, पिशवी मांडीवर धरून.

पण काम झालं! तीन महिने लागले, एक खोली, एक नियम, आणि मी करून दाखवलं. आता पुन्हा खोली घ्यायची गरज नाही.

बुधवार, १६ फेब्रुवारी

आईला म्हटलं, आता शनिवारची दगदग संपली तुझी. "हो," म्हणाली.

शुक्रवार, २५ मार्च

आज होळी. सकाळी मी बाबांना घेऊन दवाखान्यात गेले होते. परत आलो तर घराला कुलूप, किल्ली शेजारच्या जमीला चाचींकडे. चाची म्हणाल्या, ठमाबाई दहाच्या एसटीनं गेली, पिशवी अन् ट्रंक घेऊन. डब्यात पुरणपोळ्या होत्या, बाबांच्या गोळ्या दिवसाप्रमाणे पुड्या बांधून ठेवलेल्या.

चार वाजता चाचींच्याच फोनवर तिचा फोन आला. "सरू, सुगंधाबाईच्या जागी मी लागली. साहेबानं मागंच विचारलं होतं. मले खोली देल्ली हाये मागच्या अंगाले. लहानशी. पण आतून कडी लावता येते."

मी म्हटलं, बरं. 

बाबा दारातच उभे होते. "कवा येते म्हणे?"

मी विचारलंच नव्हतं.