दोन जणांची हवा

३ सप्टेंबर
पेंबा बेटावर पोचलो एकदाचा! खाडी म्हणजे नुसता कोनाडा. तिन्ही बाजूंनी कडे, यायची वाट फक्त होडीची. तरी पाण्यात बुडी मारायला कुठून कुठून माणसं येतात. त्यांना तळाशी नेऊन सुखरूप वर आणायचं, हे माझं काम. होडीवाला फकीबाबा पहिल्याच भेटीत म्हणाला की तुम्ही शेजारच्या उंगुजा बेटाची पोरं पाण्यापेक्षा आरशात जास्त बुडता. आवडला मला म्हातारा. दुपारी त्यानंच नारळाच्या रसातला ऑक्टोपस वाढला. इथं मला कुणी ओळखत नाही, हे फार बरं आहे.

६ सप्टेंबर
दोन पाहुण्यांना घेऊन उतरलो. प्रवाळ, कासवं, पाणी नितळ. एकच खटकलं: माझा हवेचा सिलिंडर अर्ध्या वेळात रिकामा. फकीबाबानं टोमणा मारला की बैल पाणी पितो तशी हा हवा पितो. सगळे हसले, मीही हसलो. मग बसून वॉशर बदलला.

९ सप्टेंबर
वॉशर नवा, सिलिंडरही दुसरा, तरी तेच. आज एकटाच उतरलो होतो. वर आल्यावर फकीबाबानं विचारलं की बरोबर दुसरा कोण होता. कुणी नाही म्हटलं, तर म्हणाला की बुडबुड्यांच्या रांगा दोन येत होत्या, शेजारी शेजारी, आणि तो काही अजून आंधळा झालेला नाही.
माझ्या सिलिंडरला दुसरी एक पिवळी नळी असते. सोबत्याची हवा संपली तर त्याच्या तोंडात द्यायची. तिच्या रबरावर दातांचे ताजे वण आहेत.

१० सप्टेंबर
इथं तरी खरं लिहितो. जूनमध्ये उंगुजाला पाण्याखाली शामेची हवा संपली. शामे म्हणजे माझा जिवलग मित्र. त्यानं गळ्यावर हात फिरवून खूण केली, पिवळी नळी धरली. दोघांना पुरेल एवढी हवा होती माझ्याकडे. मी घाबरलो. लाथ मारून त्याला झटकलं नि वर आलो. प्रवाहानं ओढून नेला असं सगळ्यांना सांगितलं.
तिसऱ्या दिवशी, त्याच्यासाठी दुवा मागून झाल्यावर, त्याच्या आईनं मला स्वतःच्या हातानं पुलाव भरवला. म्हणाली की तू होतास, म्हणून माझं लेकरू एकटं गेलं नाही. मी तो घास गिळला. त्यापेक्षा शेण खाल्लं असतं तर बरं.

१२ सप्टेंबर
पिवळी नळी काढूनच टाकली. तरी रांगा दोन. आज फकीबाबा हसला नाही. कुणाचं काय हिरावून इथं आलास, असं त्यानं विचारलं. मी त्याच्यावर खेकसलो. खाई त्याला खवखवे.

१३ सप्टेंबर
पाण्यात गेलो नाही. पण खोलीतही—दारं सताड उघडी, समुद्राचा वारा आत येतोय, तरी श्वास अर्धाच. उरलेला माझ्या खांद्याशी कुणीतरी—

१४ सप्टेंबर, सकाळ
शामेची आई आली. फेरीबोटीनं, एवढ्या लांब, माझ्यासाठी मंडाझीचे गोड वडे तळून घेऊन. तिनं एकच विचारलं: शेवटी माझा पोरगा हवेसाठी तडफडला का रे. खरं तोंडाशी आलं होतं. नाही म्हटलं. ती माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली. लाज वाटते, फार लाज वाटते.

दुपार
ती अंगणात फकीबाबाशी बोलतेय—ऐकू येतं. हाक मारायला दम नाही. शामे अगदी जवळ—हवा घेतोय, सगळी घेतोय—
ही वही तिच्या हाती पडेल. तिला वाचता येतं.
दहा तारखेचं पान—फाडायला हवं—आधी तेच—हात उचलत